डिस्क भरली, आता आधी काय पुसायचं?

व्हिडिओ एडिटिंगच्या कामात हार्ड डिस्क पहिल्या दिवशी भरत नाही. ती भरते तीन आठवड्यांनी, गाणी बसलेली असताना, रंगांचं काम निम्म्यावर आलेलं असताना, ग्राहकाला उद्या-परवा फिल्म दाखवायची असताना. बहुतेक जण याला नशीब म्हणतात. पण यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. कॅमेऱ्यातून आलेलं मूळ फुटेज, म्हणजे धंद्याच्या भाषेत रशेस, पहिल्याच दिवशी कार्डावरून डिस्कवर उतरतं आणि त्यानंतर एका बाइटनेही वाढत नाही. पहिल्या दिवशी जे मावलं ते विसाव्या दिवशीही मावायला हवं. मावत नसेल तर मधल्या काळात वाढलेलं काहीतरी दुसरंच आहे, आणि ते आपण नव्हे, आपल्या सॉफ्टवेअरने तयार केलेलं आहे. गंमत अशी, की जागा करायची वेळ आली की हात जातो तो मात्र रशेसकडेच. त्या फाइली समोर दिसतात, नावानिशी आणि मोठमोठ्या आकड्यांनिशी. सॉफ्टवेअरची पैदास कुठल्या कोपऱ्यात बसली आहे हे सहसा दिसत नाही. म्हणून या लेखाचं म्हणणं सरळ आहे: काय आधी पुसायचं हे फाइल किती मोठी आहे यावरून ठरवू नका, किती जुनी आहे यावरूनही नको. ती गेली तर परत मिळवायला काय मोजावं लागेल, यावरून ठरवा.

हिशेबच मांडून पाहू. लग्नाचं काम उदाहरणादाखल घेऊ. सोनी ए७ थ्रीसारखा कॅमेरा फोर-के चित्रीकरण १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने करू शकतो. आठाने भागलं की मेगाबाइट मिळतात: सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. हळद, सीमांतपूजन, अक्षता, पंगत आणि रिसेप्शन मिळून दोन कॅमेऱ्यांवर प्रत्येकी सात तास चित्रीकरण झालं, तर चौदा तासांचे ६३० जीबी झाले. १ टीबीच्या डिस्कवर हे आरामात बसतं. विंडोज त्या डिस्कचे ९३१ जीबीच दाखवेल, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. त्यात कुणी फसवलेलं नाही. तरीही तीनशेहून अधिक जीबी हातात उरतात आणि एक तासाच्या फिल्मला ते भरपूर वाटतात.

आता सॉफ्टवेअर काय करतं ते पाहा. फायनल कट प्रोमध्ये फुटेज आत घेताना ‘क्रिएट ऑप्टिमाइज्ड मीडिया’ या चौकटीत खूण राहून गेली असेल, तर ते प्रत्येक क्लिपची प्रोरेस ४२२ मध्ये दुसरी प्रत तयार करायला बसतं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या तक्त्यानुसार ३८४० बाय २१६० आकाराच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्राला प्रोरेस ४२२ साधारण ४९२ मेगाबिट प्रति सेकंद घेतं, म्हणजे तासाला २२१ जीबी. आपल्या चौदा तासांचे झाले तीन टीबीच्या वर, मूळ फुटेजच्या जवळपास पाचपट. डिस्क अर्थात तिथवर पोचतच नाही, आधीच मान टाकते. ऑप्टिमाइज्ड न करता फक्त प्रॉक्सी केल्या, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, तर १९२० बाय १०८० च्या प्रोरेस प्रॉक्सीला तासाला १७ जीबी लागतात. तरी २३८ जीबी गेलेच. शिवाय रेंडर फाइली आहेत. एक तासाची टाइमलाइन प्रोरेस ४२२ मध्ये एकदा पूर्ण रेंडर झाली की २२१ जीबी. वधूच्या शालूचा लाल फारच भडक दिसतो म्हणून रंग बदलले, की नवं रेंडर होतं आणि जुनं निरुपयोगी होऊनही आपण काढेपर्यंत तिथेच पडून राहतं. प्रीमिअर प्रो आवाजाच्या बाबतीत असंच करतं: मोबाइलवरच्या क्लिपमधला दाबलेला आवाज ते ३२ बिटच्या मोकळ्या स्वरूपात उलगडून ठेवतं आणि स्टीरिओ असेल तर तासाला सव्वा ते दीड जीबी खातं. एकेक आकडा किरकोळ वाटेल. पण सहा-सात जुन्या कामांचे असे अवशेष एकत्र झाले की ते एका नव्या लग्नाएवढे भरतात.

शेतकऱ्याच्या घरात धान्य असतं, पीठ असतं आणि बियाणं वेगळं बांधून ठेवलेलं असतं. पीठ सांडलं तर पुन्हा दळता येतं, गिरणीचा हेलपाटा तेवढा पडतो. बियाणं गेलं तर हंगाम गेला. ऑप्टिमाइज्ड मीडिया, प्रॉक्सी, रेंडर, आवाजाच्या लहरींची चित्रं हे सगळं पीठ. रशेस म्हणजे बियाणं. तो मुहूर्त पुन्हा लागणार नाही. आणि एक तिसरीही गोष्ट आहे, जिचं वजन नगण्य आणि किंमत प्रचंड: प्रोजेक्ट फाइल. तीन आठवड्यांचे सगळे निर्णय तिच्यात असतात आणि ती बऱ्याचदा काही एमबींचीच असते. अर्थात ही विभागणी दोन डब्यांची नाही, उतरंड आहे. साध्या कटचं रेंडर दोन मिनिटांत परत होतं. पण अंधाऱ्या मांडवातल्या फुटेजवर दाणे काढण्याचा, म्हणजे नॉइज रिडक्शनचा फिल्टर लावलेला असेल तर तेच रेंडर रात्रभर चालू शकतं. तेही पीठच, पण लांबच्या गिरणीचं. म्हणून पुसण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याला एकच प्रश्न विचारायचा: हे परत करायला यंत्राची मिनिटं लागतील, यंत्राची रात्र लागेल, माणसाचे दिवस लागतील, की परत होणारच नाही? पुसण्याचा क्रमही तोच.

पहिलं काम मात्र पुसण्याचं नाही. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर प्रोजेक्ट सेव्ह करतानाच घोटाळा होऊ शकतो, आपोआप होणारं सेव्हही थांबू शकतं. म्हणून आधी प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर, पेनड्राइव्हवर, ईमेलवर, जमेल तिथे ठेवा. प्रीमिअरमध्ये हे सोपं आहे, कारण प्रोजेक्ट ही डोळ्यांना दिसणारी एक फाइल असते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये नवखे इथेच फसतात: तिथे प्रोजेक्ट फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवलेला नसतो, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’ करून डीआरपी फाइल बाहेर काढल्याशिवाय हातात काही येत नाही. फायनल कटमध्ये लायब्ररी हे एक मोठं गाठोडं असतं. त्यात निर्णय, रेंडर आणि कधीकधी रशेसही एकत्र बांधलेले असतात. पण ते सॉफ्टवेअर मूव्हीज फोल्डरमधल्या ‘फायनल कट बॅकअप्स’मध्ये फक्त निर्णयांची हलकी प्रत नियमितपणे ठेवत असतं, ती उचलून बाहेर नेता येते. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि पुढे जे काही चुकेल त्याची धार त्याने बोथट होते.

मग जागा गेली कुठे ते पाहायचं. अंदाजाने नव्हे, मोजून. विंडोजवर विनडरस्टॅट किंवा ट्रीसाइज, मॅकवर ग्रँडपर्स्पेक्टिव्ह किंवा डेझीडिस्क ही साधनं कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली याचा नकाशा काढून देतात. त्या नकाशात हमखास दिसणारी गोष्ट अशी, की एडिटर ज्या डिस्कवर साफसफाई करत बसला आहे ती भरलेलीच नसते. प्रीमिअरची मीडिया कॅशे मुळात यूझरच्या खात्यात, म्हणजे विंडोजवर सी ड्राइव्हच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये जाऊन बसते. आफ्टर इफेक्ट्सची डिस्क कॅशेही आपण हलवली नाही तर बहुधा सिस्टिमच्याच डिस्कवर असते. सी भरली की सगळा संगणक अडखळतो, प्रोग्रॅम बंद पडतात, आणि इकडे आपण डी ड्राइव्हवरचे रशेस पुसत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नकाशा पाहिल्यावर कॅशेची जागा बदलून दुसऱ्या वेगवान डिस्कवर नेणं हा पुष्कळदा काहीच न पुसता होणारा उपाय ठरतो.

नकाशाचा उपयोग पाहण्यापुरता करावा. पुसायचं काम ज्या सॉफ्टवेअरने फाइल केली त्यालाच सांगावं. फायनल कटमध्ये लायब्ररी निवडून फाइल मेनूतल्या ‘डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स’वर गेलं की रेंडर, ऑप्टिमाइज्ड आणि प्रॉक्सी अशा तीन चौकटी वेगवेगळ्या समोर येतात आणि रेंडरमध्ये ‘फक्त न वापरलेली’ असाही पर्याय असतो. रिझॉल्व्हच्या प्लेबॅक मेनूत ‘डिलीट रेंडर कॅशे’खाली सगळी, न वापरलेली किंवा निवडक क्लिपांची असे पर्याय आहेत. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ‘मीडिया कॅशे’त न वापरलेली कॅशे काढता येते आणि सीक्वेन्स मेनूतून रेंडर फाइली. आफ्टर इफेक्ट्समध्ये एडिट मेनूतला ‘पर्ज’. फायनल कटच्या लायब्ररीवर उजवं बटण दाबून गाठोडं उघडता येतं हे खरं, पण आत हात घालून फोल्डर उपटणं म्हणजे चालत्या जात्यात बोट घालणं आहे. कुठली फाइल कुठल्या क्लिपला बांधलेली आहे हे लायब्ररीच्या आतल्या नोंदवहीला ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे: सॉफ्टवेअरवर तरी एवढा भरवसा का ठेवायचा? त्याला उत्तर म्हणून २०१७ चं प्रकरण आठवावं. त्या वर्षी प्रीमिअर प्रोच्या ११.१ या आवृत्तीत जुनी कॅशे आपोआप काढण्याची सोय आली. ज्यांनी कॅशे स्वतःच्या इतर फाइलींच्या शेजारीच ठेवली होती, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत साफसफाई करताना शेजारच्या फाइलीही गेल्या. अ‍ॅडोबीने लगेचच ११.१.१ मध्ये दुरुस्ती केली: यापुढे फक्त कॅशेच्या आतल्या उपफोल्डरांतल्या फाइली पुसल्या जातील, बाजूच्या नाहीत. पुढच्या वर्षी एका अमेरिकी व्हिडिओग्राफरने कंपनीवर नुकसानभरपाईचा दावाही लावला. यावरून सॉफ्टवेअरमधून पुसूच नये असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. हाताने पुसताना होणाऱ्या चुका कितीतरी अधिक असतात, त्यांची बातमी होत नाही इतकंच. निष्कर्ष निघतो तो मांडणीबद्दल. कॅशेला स्वतःचा, रिकामा, वेगळा फोल्डर द्या, आणि जमल्यास वेगळी डिस्कच. पीठ आणि बियाणं एका पोत्यात नसलं म्हणजे पोतं झटकताना हात कापत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या वेगाचा. कॅशे पुसली की टाइमलाइन अडखळते, लहरी पुन्हा काढाव्या लागतात, मग मिळवलं काय? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच काम चालू असताना ‘सगळं पुसा’ हे बटण वापरू नये. आधी संपलेल्या प्रोजेक्टांची कॅशे. ती गेली तर कुणाचंच काही अडत नाही. मग चालू प्रोजेक्टमधली न वापरलेली रेंडर्स. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. तरीही कमी पडलं तर ऑप्टिमाइज्ड मीडियाचा विचार करायचा. एडिट पक्का झाला असेल तर चौदा तासांच्या मोकळ्या प्रतींची गरजच उरत नाही, शेवटची फिल्म मूळ फुटेजवरूनही निघते. जे रात्रभर चालून तयार झालं आहे ते मात्र फिल्म हातावेगळी होईपर्यंत राखून ठेवावं. आदल्या रात्री नॉइज रिडक्शनची रेंडर्स उडवून सकाळी ग्राहकाची वाट पाहणं यात कुठलाच शहाणपणा नाही.

पुसलं तरी जागा दिसत नाही, ही तक्रार वारंवार येते आणि तिची कारणं साधी असतात. बाहेरून जोडलेल्या प्रत्येक डिस्कचा कचऱ्याचा डबा वेगळा, त्याच डिस्कवर लपलेला असतो. ती डिस्क जोडलेली असतानाच ट्रॅश किंवा रिसायकल बिन रिकामा केला तर तो रिकामा होतो. मॅकवर टाइम मशीन चालू असेल तर अंतर्गत डिस्कच्या गेल्या चोवीस तासांच्या स्थितीची छायाचित्रं, ज्यांना स्नॅपशॉट म्हणतात, जपलेली असतात. पुसलेली फाइल त्यांच्यात अडकलेली असल्याने जागा लगेच परत येत नाही. घाबरून आणखी काही पुसत सुटण्याऐवजी थोडं थांबायचं. ‘चुकून पुसलं तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच’ हा भरवसाही जुन्या फिरत्या डिस्कच्या काळातला. तिथे पुसलेली माहिती वरून दुसरं काही लिहीपर्यंत तशीच असते. संगणकाच्या आतल्या एसएसडीमध्ये ट्रिम नावाची व्यवस्था असते, ती पुसलेल्या जागा डिस्कला कळवते आणि डिस्क त्या आतून साफ करून टाकते. मग तज्ज्ञाकडे नेऊनही बहुधा हात हलवत परतावं लागतं. आणि प्रोजेक्टचा फोल्डर वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडमध्ये सिंक होत असेल तर इथे पुसलेलं तिथूनही जातं, हे विसरू नये.

यंत्राने केलेल्या प्रतींनंतर नंबर लागतो माणसाने केलेल्या प्रतींचा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ अशा नावांची जुनी एक्स्पोर्ट्स कुणाला नवीन नाहीत. ग्राहकाने मान्य केलेलं शेवटचं सोडून बाकीची टाइमलाइनवरून केव्हाही काढता येतात, ती खुशाल जाऊ द्यावीत. दुहेरी उतरवलेल्या कार्डांच्या बाबतीत मात्र घाई नको, कारण इथे नाव फसवतं. कॅमेरे दर कार्डावर नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू शकतात, त्यामुळे सी०००१ नावाची फाइल हळदीच्या फोल्डरमध्येही असते आणि रिसेप्शनच्याही. दोन्ही वेगळ्या आहेत. गोप्रो एकच लांब शॉट तुकड्यांत साठवतो आणि तुकड्यांच्या नावांत शेवटचे चार आकडे सारखेच ठेवतो. पाहणाऱ्याला ती एकाच शॉटची प्रत वाटते, असतो तो पुढचा भाग. म्हणून नाव नव्हे, आकार बाइटपर्यंत जुळतो का आणि चेकसम, म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा ठसा, एकच येतो का ते पाहूनच दुसरी प्रत काढायची. त्याच कार्डावरच्या एलआरव्ही आणि टीएचएम फाइली मात्र कॅमेऱ्याने पूर्वावलोकनासाठी केलेल्या हलक्या प्रती आणि लघुचित्रं असतात. प्रॉक्सी म्हणून वापरत नसाल तर त्या गेल्याने काही बिघडत नाही, अर्थात जागाही फार मिळत नाही.

एवढं करूनही भागलं नाही, तर मग रशेसकडे वळायचं, पण पुसायला नव्हे, हलवायला. प्रॉक्सी खरी उपयोगाला येते ती इथे. सगळ्या क्लिपांच्या हलक्या प्रती लॅपटॉपवर ठेवून मूळ फुटेज बाहेरच्या डिस्कवर नेता येतं, एडिटिंग प्रॉक्सीवर चालू राहतं आणि शेवटच्या एक्स्पोर्टच्या वेळी ती डिस्क जोडली की सॉफ्टवेअर मूळ चित्र उचलतं. वर दिलेल्या हिशेबात ६३० जीबी बाहेर जाऊन २३८ आत राहतात, प्रॉक्सी एच.२६४ मध्ये केल्या तर त्याहून पुष्कळ कमी. एक लक्षात घ्यायला हवं: मूळ फुटेज बाहेर असेपर्यंत प्रॉक्सीचं स्थान उतरंडीत वर सरकतं, कारण ती पुन्हा करायला मूळ फुटेज लागतं. हलवतानाची रीत ठरलेली असावी: कॉपी, पडताळणी, आणि मगच पुसणं. ‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नये. मध्येच वायर हलली तर काय गेलं, काय उरलं हे शोधत बसावं लागतं. विंडोजवर टेराकॉपी पडताळणीसह कॉपी करतं. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावरचं क्लोन टूलही चेकसम जुळवून प्रत करतं, आणि ते फुकट मिळणाऱ्या आवृत्तीतही आहे. एवढं करून हलवलेलं फुटेज एकाच डिस्कवर राहत असेल तर जागेचा प्रश्न सुटला, पण जोखीम तशीच राहिली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, लग्नाच्या छोट्या स्टुडिओला जड वाटतो. निदान दोन डिस्का, त्यांपैकी एक घरी, एवढं तरी कुणालाही झेपावं.

बाहेरच्या डिस्कबद्दल आणखी एक गैरसमज आहे, आणि तो थेट आपल्या आकड्यांशी जोडलेला आहे. फिरती पोर्टेबल हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे एमबी देते. आपलं मूळ फुटेज मागतं साडेबारा. म्हणजे वाचण्याच्या वेगापुरतं पाहिलं तर रशेस फिरत्या डिस्कवरून सहज चालतात. त्याच फुटेजची प्रोरेस ४२२ एचक्यू प्रत केली तर ती ७३७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ९२ एमबी मागते. दोन कॅमेरे एकत्र चालवले की डिस्क हात टेकते. फोर-केचं ‘स्मूथ’ एडिटिंग व्हावं म्हणून मोठ्या प्रती करायच्या आणि त्या हळू डिस्कवर ठेवायच्या, यात जागाही जाते आणि वेगही. मोठ्या प्रती एसएसडीवर, नाहीतर करूच नयेत.

आता पुसण्याच्या बाजूने जे दोन मोठे युक्तिवाद केले जातात ते पाहू. पहिला असा: चौदा तासांतला जेमतेम दीड तास वापरात आहे, मग न वापरलेला भाग कापून टाकू. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये आणि रिझॉल्व्हच्या मीडिया मॅनेजमेंटमध्ये ही सोय आहे, दोन्ही टोकांना थोडी शिल्लक ठेवून बाकीचं कापता येतं. अडचण फुटेजच्या जातीत आहे. एच.२६४ सारख्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. काही फ्रेम पूर्ण, आणि मधल्या फ्रेम ‘आधीच्या-नंतरच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगणाऱ्या. अशी क्लिप हव्या त्या फ्रेमवर कापायची तर बहुधा ती नव्याने एन्कोड करावी लागते, आणि त्यासाठी प्रोरेससारखं स्वरूप निवडलं जातं. दीड तास फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये तासाला ३३२ जीबीच्या दराने जवळपास पाचशे जीबी होतं. मूळ सगळं ६३० होतं. एवढा खटाटोप करून, साडेबारा तासांचं फुटेज कायमचं गमावून, सव्वाशे-दीडशे जीबी मिळवायचे. पूर्ण फ्रेम साठवणाऱ्या स्वरूपात चित्रीकरण केलेलं असेल तर हा सौदा परवडतो. लग्नाच्या नेहमीच्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत नाही.

दुसरा युक्तिवाद: रशेस एच.२६५ मध्ये दाबून निम्मे करू. दिसायला चित्र सारखंच दिसतं हे खरं. पण एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की सावल्यांमधले आणि आकाशातले बारीक उतार तुटायला लागतात, आणि रंगांचं काम करताना नेमकी तिथेच ओढाताण होते. टाइमकोड आणि फाइलींची नावं बदलली की प्रोजेक्टला क्लिपा सापडेनाशा होतात. चौदा तासांचं फुटेज दाबायला संगणक जो वेळ घेतो त्या वेळात एडिटिंग बंद. फिल्म दिल्यानंतर, वर्षभराने, कमी महत्त्वाच्या कामाच्या साठवणीसाठी हा मार्ग विचारात घेता येईल. काम चालू असताना घेऊ नये.

राहिले ‘बिघडलेले’ शॉट. खिशात चालू राहिलेला कॅमेरा, लेन्सवर टोपी असतानाची तीन मिनिटं, ही खुशाल जावीत. त्यापलीकडे कोणता शॉट निरुपयोगी हे एडिट पक्का होईपर्यंत एडिटरलाही ठाऊक नसतं. हलता, फोकस नसलेला शॉट पुसून टाकावा आणि पाहणाऱ्या घरच्यांनी नेमकं विचारावं, ‘आजी आल्या होत्या ना, त्या कुठे दिसल्या नाहीत?’ त्या फक्त त्याच शॉटमध्ये असतात. एकेकाळी बीबीसीने महाग टेप पुन्हा वापरता याव्यात म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांतले असंख्य कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’चे सुरुवातीचे कित्येक भाग त्यातच गेले आणि आज त्यांच्या प्रती जगभर शोधल्या जातात. त्या वेळी पुसणाऱ्यांच्या दृष्टीने तो निर्णय पूर्ण व्यवहारी होता. एकदा दाखवलेल्या कार्यक्रमाला पुढे कोण विचारणार, हा त्यांचा अंदाज चुकला.

‘एवढी यातायात कशाला, नवी डिस्क घ्या’ असं सांगणारे बरोबरच सांगतात. एडिटरचा दिवस डिस्कपेक्षा महाग असतो. पण मांडणी न बदलता घेतलेली डिस्क दोन महिन्यांत तशीच भरते, कारण वाढ तिच्या आकाराने नव्हे, सॉफ्टवेअरच्या सवयीने होते. म्हणून डिस्क घेताना हेही ठरवावं: फायनल कटमध्ये ऑप्टिमाइज्डची खूण काढायची, पाठीमागे चालणारं रेंडर बंद ठेवून हवं तेव्हाच रेंडर करायचं, प्रीमिअरच्या कॅशेला आकाराची मर्यादा घालायची. शिवाय कुठलीही कामाची डिस्क पूर्ण भरू देऊ नये, दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवावी. एसएसडीला आतली साफसफाई करायला मोकळ्या जागा लागतात, त्या संपल्या की तिचा लिहिण्याचा वेग घसरतो. फिरती डिस्क भरत गेली की लिखाण आतल्या, संथ कड्यांवर जातं आणि फाइली तुकड्यांत विखुरतात. म्हणजे आपल्याला जागा कमी पडते त्याच्या कितीतरी आधी डिस्कला ती कमी पडलेली असते.

रशेस कधीच पुसायचे नाहीत का? पुसायचे, पण तो निर्णय एकट्या एडिटरने, आणि तोही मध्यरात्री एक्स्पोर्ट अडकलेलं असताना घेऊ नये. काम घेतानाच करारात किंवा कोटेशनमध्ये लिहावं की मूळ फुटेज फिल्म दिल्यापासून अमुक महिने ठेवलं जाईल. हवं असेल तर ग्राहकाने डिस्क आणून द्यावी, त्यावर उतरवून मिळेल. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप टाकावा आणि होकाराची वाट पाहावी. उत्तर आलं नाही तर एक फोन करावा. बऱ्याचदा त्या फोननंतर वधूचे वडील नवी डिस्क घेऊनच येतात.